मराठी प्रेक्षक जिथे घडला

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगायला बसलं की आपण सांगलीपासून सुरुवात करतो, पुण्यात मुक्काम करतो आणि शेवटी गिरगाव-दादरला पोचतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं, हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. या वाटेवर मुंबईचा एक रस्ता मात्र लागतच नाही. ग्रँट रोड स्टेशनावरून पूर्वेकडे निघालं की फॉकलंड रोडच्या नाक्यापाशी जुनी थिएटरं दाटीवाटीने उभी असत. 'प्ले हाऊस'मुळे त्या भागाला पिला हाऊस हे नाव पडलं आणि तेच टिकलं. मराठी घरांत ते नाव आजही थोडं दबकून घेतलं जातं, कारण कामाठीपुरा आणि गोलपिठा तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. नाटक सांगलीत जन्मलं हे निर्विवाद आहे. पण तिकीट काढून, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून, पटलं तर टाळी आणि नाही पटलं तर शिटी देणारा मराठी प्रेक्षक प्रामुख्याने या रस्त्यावर घडला, असं माझं म्हणणं आहे. त्याला आधार आहेत आणि त्यावर आक्षेपही आहेत. आक्षेपांतले काही हलके आहेत, एक मात्र फार जड आहे.

आधी रस्ता तिथे कसा आला ते पाहू. सर रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि पदावर असतानाच दापोडीला वारले. त्यांचं नाव दिलेला हा रस्ता १८४०च्या आसपास झाला, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना शेतं, वाड्या आणि मोकळी जमीन होती. सातही बेटं भराव घालून जोडली जात होती, पण शहर अजून कोटाच्या आत आणि कोटाबाहेरच्या बाजारपेठांतच गजबजलेलं होतं. इंग्रजांचं जुनं नाटकगृह कोटातल्या हिरवळीवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलजवळ, १७७६ पासून होतं. ते कर्जात बुडालं आणि १८३५ साली विकलं गेलं. नवं नाटकगृह हवं म्हणून मागणी सुरू झाली, तेव्हा प्रश्न जागेचा आला. जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जमीन दिली आणि फेब्रुवारी १८४६ मध्ये तिथे नवं थिएटर उघडलं. नाना शंकरशेट हे मुंबईच्या शिक्षणाचे, रेल्वेचे, नगरसुधारणेचे आधारस्तंभ म्हणून आपल्याला माहीत आहेत. रंगभूमीच्या इतिहासात हा एक भूखंड त्यांच्या नावावर ठळकपणे मांडायला हवा. त्या भूखंडाची खरी किंमत त्याच्या दूरपणात होती. कोटात राहणाऱ्या गोऱ्या साहेबाला रात्रीच्या वेळी इतक्या लांब गाडी जुंपून येणं नकोसं वाटे. गिरगावच्या वाड्यांतून, काळबादेवीच्या पेढ्यांवरून, भेंडीबाजारातून आणि भायखळ्याहून येणाऱ्याला मात्र हे थिएटर पायी चालत गाठता येत होतं. ज्यांच्यासाठी थिएटर बांधलं त्यांना ते गैरसोयीचं पडलं आणि ज्यांचा विचारही केला नव्हता त्यांच्या ते दारात आलं. पुढचं सगळं या एका भौगोलिक गोष्टीतून निघालं.

९ मार्च १८५३ रोजी विष्णुदास भाव्यांच्या मंडळीचा प्रयोग या थिएटरात झाला. इंग्रजी वृत्तपत्रात रीतसर जाहिरात देऊन आणि तिकीट लावून झालेला हा खेळ होता. तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. भाव्यांच्या नाटकाची घडण तोवर वाड्याच्या चौकाला, मंदिराच्या मंडपाला आणि राजवाड्याच्या दिवाणखान्याला साजेशी झालेली होती. पडदा म्हणजे दोघांनी दोन टोकांना धरलेलं कापड. सूत्रधार मंगलाचरण म्हणे, वनचरासारखा विदूषक उड्या मारत येई, गणपती येऊन आशीर्वाद देई, सरस्वती मोरावर बसून नाचत येई आणि मग आख्यान सुरू होई. पदं सूत्रधाराने गायची आणि पात्रांनी त्यांचा अर्थ वाढवत बोलायचं, अशी वाटणी असे. राक्षस 'अलल्लडुर्र' अशी आरोळी ठोकून तलवारी परजत शिरले की प्रेक्षक सरसावून बसत. ही सगळी मंडळी आता चौकटीच्या रंगमंचावर आली. तिथे वर ओढला जाणारा पडदा होता, दोन्ही अंगांना विंगा होत्या, मागे रंगवलेला देखावा होता, पायाशी दिव्यांची रांग होती. समोर लाकडी रेलिंगच्या पलीकडे बॉक्स, स्टॉल, गॅलरी आणि पीट अशा दराप्रमाणे पाडलेल्या जागा होत्या. वाड्यातल्या बैठकीत कोणी कुठे बसायचं हे जात, मान आणि यजमानाशी असलेलं नातं ठरवत असे. इथे ते खिशातल्या पैशाने ठरलं. पैशाचीही उतरंड असतेच आणि ती काही न्याय्य म्हणता येत नाही. तरीही पीटात बसलेला कारकून आणि त्याच्या शेजारचा कापडवाला यांना एकमेकांची जात विचारण्याचं कारण उरलं नाही, हा बदल त्या काळात लहान नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की थिएटर ही नुसती जागा. नाटक सांगलीचं, नट सांगलीचे, आख्यानं पुराणातली. मग रस्त्याने त्यात काय भर घातली? याचं उत्तर भाव्यांच्याच चरित्रात आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि आश्रयाने हे नाटक सुरू झालं होतं. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि आश्रय आटला. मंडळीपुढे दोनच रस्ते होते. नवा संस्थानिक शोधायचा किंवा लोकांकडून पैसे घ्यायचे. गावोगाव हिंडून बिदागीवर पोट भरण्याचा मार्ग होता, पण बिदागी देणारा एक आणि पाहणारे अनेक, हे जुनंच गणित त्यात कायम राहतं. मुंबईत ते गणित उलटलं. पाहणाऱ्या प्रत्येकाने थोडं थोडं द्यायचं आणि त्या बेरजेवर मंडळी जगायची. राजाला आवडेल ते करण्यापेक्षा शेकडो अनोळखी लोकांना दुसऱ्यांदा यावंसं वाटेल ते करणं वेगळं असतं. त्यासाठी वेळ पाळावी लागते, खेळ रात्रभर न लांबवता आटोपता घ्यावा लागतो, जाहिरातीत कथानकाची लालूच दाखवावी लागते, एकाच आठवड्यात वेगळं आख्यान लावावं लागतं. १८५४ साली भाव्यांनी याच रंगमंचावर 'राजा गोपीचंद' हिंदुस्थानी भाषेत केलं. सांगलीच्या दरबारात त्याची गरज कधीच पडली नसती. ग्रँट रोडवर समोर बसलेल्यांत मराठी न कळणारे इतके होते की ती पडली. जागेने नाटकाच्या भाषेलाच हात घातल्याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

भाव्यांचा पहिला खेळ झाला त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १८५३ मध्ये, त्याच थिएटरात पारशी नाटक मंडळीने रुस्तम आणि सोहराबची कथा गुजरातीत रंगवली. भाव्यांच्या प्रयोगानंतर सात महिन्यांत हे घडावं, हा योगायोग मानायला मन धजत नाही. पारशी रंगभूमीच्या अभ्यासकांनीही या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिलेल्या आहेत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास नाटकगृहांची रांगच लागली. १८६८ साली कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया नाटक मंडळी निघाली, नंतर खुर्शेदजी बालीवाला तिचे कर्ते झाले. काही मंडळ्या फुटल्या, काही बुडाल्या, काही त्याच नटांना घेऊन नव्या नावाने उभ्या राहिल्या. व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी इंग्रजी नावं, आत भाषा गुजराती, मग उर्दू. १८७१ च्या सुमाराला गुजरातीत लिहिलेलं नाटक उर्दूत करून घेण्यापर्यंत मजल गेली, कारण उर्दूत केलेला खेळ मुंबईबाहेरही चालतो हे मालकांच्या लक्षात आलं होतं. इथे तयार झालेले पडदे, यंत्रं, पऱ्यांची उड्डाणं आणि गाणी पुढे लाहोर, कलकत्ता, रंगूनपर्यंत गेली. स्त्रियांनी रंगमंचावर यावं की नाही यावरून इथे कंपन्यांत भांडणं झाली आणि कावसजी खटाऊंच्या कंपनीत मेरी फेन्टन ही गोऱ्या शिपायाची मुलगी अस्खलित गुजराती-उर्दूत नायिका म्हणून उभी राहिली. मराठी संगीत नाटकात पुरुषच स्त्रीभूमिका करत असताना, चार पावलांवर हे चाललं होतं.

मराठी रंगभूमीने या शेजारातून काय घेतलं, यावर आपले जुने लेखक मोकळेपणाने बोलत; नंतर आपण गप्प झालो. किर्लोस्करांनी पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि तशा गाण्याने भरलेलं नाटक मराठीत करावं ही ऊर्मी त्यांना आली, असं सांगितलं जातं. ते पुण्यात पाहिलं असेल, पण ते घडलं होतं ग्रँट रोडच्या साच्यात. रंगवलेल्या पडद्यांचंही तसंच. राजमहाल, अरण्य, रस्ता असे खोलीचा आभास देणारे पडदे आधी पारशी कंपन्यांनी आणले, मराठी मंडळ्यांनी ते उचलले आणि पुढे कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी ललितकलादर्शसाठी पडदे रंगवून त्या कलेला आपलं तेज दिलं. बाबूराव पेंटर पुढे चित्रपटाकडे वळले तेव्हा पडद्यावरची ती नजर त्यांच्याबरोबर गेली. 'वन्समोअर' ही आरोळीसुद्धा इंग्रजी थिएटरातून आली आणि मराठी संगीत नाटकाचा प्राण बनली. एका पदाला पाच-सहा वन्समोअर घेणारा गायक-नट आणि ते मागण्याचा हक्क बजावणारा पीटातला रसिक, हे नातं दरबारी बैठकीत जुळलं नसतं. यजमानाच्या घरी 'वाहवा' म्हणता येते, 'पुन्हा म्हणा' असं हक्काने ओरडायला तिकीट लागतं.

दुसरा आक्षेप गिरगावकरांचा असेल. मराठी माणसाचं मुंबईतलं सांस्कृतिक घर गिरगाव. ग्रँट रोड पारशी-बोहऱ्यांचा, मुसलमान कारागिरांचा, परगावच्या मजुरांचा. ही वाटणी राहण्यापुरती बरीचशी खरी आहे, पाहण्यापुरती मुळीच नाही. गिरगावात चाळी होत्या, वाड्या होत्या, गणेशोत्सवातले मेळे होते, वाचनालयं होती. मोठी नाटकगृहं मात्र दीर्घकाळ ठाकूरद्वारच्या उत्तरेला, ग्रँट रोडच्या अंगाला होती. गिरगावातला साहित्य संघ १९३५ साली स्थापन झाला आणि त्याचं नाट्यगृह तर १९६० च्या दशकात उभं राहिलं. त्याआधीच्या कित्येक पिढ्या नाटकाला म्हणून ग्रँट रोडला गेल्या. याचा सर्वांत ठसठशीत दाखला ८ जुलै १९२१ चा आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी एकत्र येऊन 'मानापमान' केलं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. मराठी संगीत रंगभूमीच्या स्मृतीत त्या रात्रीचं स्थान किती उंच आहे हे सांगायला नको. तीन महिन्यांनी केशवराव गेले आणि ती रात्र दंतकथाच झाली. तो प्रयोग झाला बालीवाला थिएटरात, म्हणजे एका पारशी नटाच्या नावाच्या, पिला हाऊसच्या नाटकगृहात. ज्यांना तो रस्ता मराठी संस्कृतीबाहेरचा वाटतो, त्यांनी ही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या रात्रीचे रसिक फेटे, उपरणी आणि शालजोड्या घालून आले असतील, तर त्याच फुटपाथवरून आले असतील जिथून दुसऱ्या दिवशी गिरणीची पाळी संपवून तमाशाचा प्रेक्षक येणार होता.

तमाशाची ही बाजू अधिकच महत्त्वाची आहे, कारण इथे रस्त्याने घडवलेला प्रेक्षक शिकलेल्या मध्यमवर्गापलीकडचा आहे. कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, ग्रँट रोडपासून अगदी थोड्या अंतरावर. मग भायखळा, परळ, लालबाग गिरण्यांनी भरत गेलं आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, नगरहून माणसं येत राहिली. बायका-मुलं गावी, इथे खानावळ आणि दहा-बारा जणांची खोली. या माणसांना गावच्या जत्रेतला तमाशा हवा होता, पण जत्रा वर्षातून एकदा येते आणि गिरणीची पाळी रोज असते. तेव्हा तमाशा थिएटरात आला. फडाला ठरलेली वेळ मिळाली, कंत्राटदार मिळाला, दारावर तिकीट लागलं. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम तोच राहिला. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडी तीच राहिली. पण पाटलाच्या ओट्यासमोर नाचणं सुटलं. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव हे या थिएटरांतलं सर्वांत मोठं नाव. कुलकर्णीपण सोडून त्यांनी फड उभा केला, आपल्या जातीचा रोष पत्करला आणि हिवरगावच्या पवळाबरोबर मुंबईत असं नाव कमावलं की त्यांच्या लावण्या गिरणगावात तोंडपाठ झाल्या. कुलकर्ण्यांच्या मुलाने आणि महार घरातल्या कलावतीने एकत्र उभं राहावं आणि त्यांच्या नावाला तिकीटविक्री व्हावी, हे गावात अवघड होतं. इथे ते घडलं, कारण पैसे मोजणारा प्रेक्षक गावकी पाहायला आलेला नव्हता. पुढे तमाशाचं मुंबईतलं मुख्य ठाणं लालबागच्या हनुमान थिएटराकडे सरकलं, पण तिकिटावरच्या तमाशाची चाल पिला हाऊसने पाडून दिली होती. फॉकलंड हे १८४८ ते १८५३ या काळातले गव्हर्नर. त्यांचं नाव काढून महापालिकेने त्या रस्त्याला पठ्ठे बापूराव मार्ग म्हटलं, हे आपल्या शहरातल्या थोड्या अर्थपूर्ण नामांतरांपैकी एक आहे.

सिनेमाही याच प्रेक्षकावर उभा राहिला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये लागला हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी २१ एप्रिलला निवडक लोकांसाठी त्याचा खेळ ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात झाला होता. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी बायका शोधल्या. या वस्तीतल्या नाचगाण्याच्या स्त्रियांकडेही विचारणा झाली आणि त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले आणि भारताच्या पहिल्या चित्रपटाची नायिका मिळाली. हा प्रसंग बहुतेक वेळा गमतीने सांगितला जातो. मला तो या रस्त्याच्या घनतेचा पुरावा वाटतो. थिएटर, कोठा, खानावळ आणि दृश्यकलेतलं नवं धाडस करणारा माणूस, हे सगळं अर्ध्या मैलात होतं, म्हणून शोध तिथे सुरू झाला आणि तिथेच संपला. नंतरच्या दशकांत बहुतेक नाटकगृहांत पांढरा पडदा लागला. आल्फ्रेड, गुलशन, मोती, रॉयल, निशात अशी टॉकीजची नावं शहराच्या तोंडी बसली. मल्टिप्लेक्स आले, जुन्या चित्रपटांचे खेळ कमी दरात दाखवत ही थिएटरं टॅक्सीवाल्यांची, हमालांची, परप्रांतीय मजुरांची विसाव्याची जागा झाली. आल्फ्रेडवर हाताने रंगवलेली पोस्टर छपाईचा जमाना येऊन गेल्यावरही लागत राहिली. नायकाच्या गालावर निळी छटा, डोळ्यांत लाल रेघ, खलनायकाच्या कपाळावर हिरवा रंग. एका आठवड्यानंतर त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचं चित्र काढायचं. पडदे रंगवणाऱ्यांची परंपरा थेट तिथवर आलेली दिसते.

आता जड आक्षेप. या रस्त्याच्या मोहकतेविषयी बोलणं म्हणजे त्याच्या मागच्या गल्ल्यांत विकल्या गेलेल्या बायकांकडे पाठ फिरवणं आहे, असं कोणी म्हटलं तर ते सहज झटकून टाकता येणार नाही. थिएटराची रात्र आणि वेश्यावस्तीची रात्र एकमेकींना पोसत होत्या. तिकीट काढणारा जो एकटा पुरुष नाटकाला बळ देत होता, तोच पुढे गल्लीत वळत होता. तमाशातल्या कलावतीच्या वाट्याला टाळी आली तशी हाताळणीही आली, आणि ती कोणत्या जातीची होती हे पाहणाऱ्यांना माहीत होतं. १९२७ साली महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते नाकारलं. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर बोलतानाही त्यांनी ते जगणं सोडण्याचा आग्रह धरला. बापूराव आणि पवळा यांनी जातीची भिंत ओलांडली हे वर मी कौतुकाने लिहिलं आहे. त्या ओलांडण्याची किंमत दोघांनी सारखी दिली नाही, हे त्याच जोरात लिहायला हवं. कुलकर्णी शाहीर झाला, पवळा नाचणारी राहिली. प्रेक्षक मोकळा झाला, कलावती तितकी झाली नाही. १९७२ साली आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने याच परिसराला मराठी कवितेच्या मध्यभागी आणून उभं केलं, तेव्हा थिएटरांच्या झगमगाटाला त्यात जागा नव्हती, आणि ते योग्यच होतं.

तरीही या आक्षेपावरून रस्ताच इतिहासातून काढून टाकावा हे मला मान्य नाही. गेली शंभर वर्षं आपण जे केलं ते नेमकं हेच होतं आणि त्याने त्या स्त्रियांचं काहीही भलं झालं नाही. वस्तीची लाज वाटून आपण थिएटरं विसरलो. थिएटरांबरोबर तिथे गायलेल्या, नाचलेल्या, संवाद म्हटलेल्या बायकांची नावंही गेली. नाट्यसंगीताच्या इतिहासात गायक-नटांचे गुरू, राग, पदं नोंदलेली असतात. त्याच चाली ज्यांच्याकडून उचलल्या गेल्या त्या भेंडीबाजार आणि फोरास रोडच्या गायिकांचा उल्लेख 'एका बाईकडून' एवढाच येतो. रस्त्याचा इतिहास पुन्हा लिहिताना शोषण झाकलं जाईल ही भीती खरी आहे. पण लिहिलाच नाही तर शोषण आणि कला दोन्ही झाकली जातात. आंबेडकरांचा नकार या इतिहासातलं एक मोठं पान आहे, आणि ते पान वाचायचं तर आधी बापूरावांचं थिएटर कुठे होतं, त्याला पैसे कोण देत होतं, कलावतीच्या हाती किती पडत होतं, हे सगळं माहीत असावं लागतं.

मग या रस्त्याची मोहिनी कशात आहे? जुन्या शहरांतल्या रस्त्यांची मोहिनी बहुधा दगडात शोधली जाते, कोरीव सज्जात, कमानीत, दिव्याच्या खांबात. ग्रँट रोडवर तसं फार उरलेलं नाही, आणि जे आहे ते धुळीत, तारांत आणि दुकानांच्या पाट्यांत बुडालेलं आहे. इथली मोहिनी सरमिसळीत आहे. एकाच संध्याकाळी शेजारच्या इमारतींत गुजरातीत फिरदौसीचा रुस्तम, उर्दूत परीस्तान, मराठीत सुभद्रा आणि ढोलकीवर गौळण चालू आहे, आणि मध्यंतरात चारही ठिकाणचे लोक त्याच इराण्याकडे चहाला येत आहेत, हे दृश्य हिंदुस्थानात दुसऱ्या फारच थोड्या रस्त्यांनी पाहिलं असेल. स्टेशनाजवळचं बी. मेरवान १९१४ सालचं, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या पुढच्या वर्षीचं. माव्याच्या केकसाठी सकाळी रांग लावणाऱ्यांना ते केकमुळे माहीत आहे, पण इराण्याची संगमरवरी टेबलं हा या रस्त्याच्या रंगभूमीचा न मोजलेला भाग आहे. पदरी पैसा नसलेला नट, नाटककार आणि टीकाकार तिथे तासन्‌तास बसू शकत. प्रयोगावरचं मत वृत्तपत्रात यायच्या आधी तिथे ठरत असे, असं मानायला हरकत नाही.

या सरमिसळीनेच रस्त्याचा घात केला, असं मला वाटतं. आपले इतिहास भाषावार लिहिले गेले. मराठी रंगभूमीच्या इतिहासकाराने मराठी नाटकं मोजली, गुजरातीच्या इतिहासकाराने गुजराती, उर्दूच्या अभ्यासकाने उर्दू. सिनेमावाल्यांनी १९१३ पासून सुरुवात केली आणि लोककलेच्या अभ्यासकांनी तमाशा गावातच असतो असं गृहीत धरलं. प्रत्येकाच्या कपाटात रस्त्याचा एकेक तुकडा गेला. सगळे तुकडे कुणाच्याच हातात एकत्र आले नाहीत, म्हणून रस्ता कुणाचाच राहिला नाही. अर्ध्या मैलावरच्या ऑपेरा हाऊसचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. ते सुंदर आहे, वर्षानुवर्षं बंद राहून २०१६ साली पुन्हा उघडलं, त्याचं जतन झालं याचा आनंदच आहे. पण त्याला वाचवणं सोपं होतं, कारण तिथे जपायला एक देखणी वास्तू होती. पिला हाऊसमध्ये जपायची आहे ती शेजार-पद्धती, आणि वारसा यादीत तिच्यासाठी रकाना नाही.

कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाच्या योजना आता कागदावरून पुढे सरकत आहेत. तिथल्या मोडकळीला आलेल्या चाळींत राहणाऱ्यांना चांगली घरं मिळायलाच हवीत; जुन्या भिंतींच्या प्रेमापायी त्यांना गळक्या छपराखाली ठेवणं अन्याय होईल. मात्र पाडापाडीच्या आधी उरलेल्या प्रत्येक थिएटराची मापं घेतली जावीत, पडद्यामागे जुना रंगमंच, विंगा, तळघर काही उरलं असेल तर त्याची छायाचित्रं आणि नकाशे व्हावेत, एवढी मागणी अवास्तव नाही. दुसरं काम ग्रंथालयातलं आहे. 'रास्त गोफ्तार' आणि 'मुंबई समाचार'मधल्या गुजराती जाहिराती, 'बॉम्बे टाइम्स'मधल्या इंग्रजी, 'इंदुप्रकाश' आणि 'नेटिव्ह ओपिनियन'मधल्या मराठी, या तारखेप्रमाणे आणि थिएटराप्रमाणे एका तक्त्यात मांडल्या तर १८५३ पासूनच्या संध्याकाळींचा हिशेब लागू शकतो. कोणत्या दिवशी कोणत्या रंगमंचावर कोणती भाषा होती, तिकीट किती होतं, कोणता खेळ किती वेळा लागला. त्यासाठी गुजराती वाचणारा मराठी अभ्यासक आणि मराठी वाचणारा पारशी रंगभूमीचा अभ्यासक एकत्र बसावे लागतील. विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी हा प्रकल्प हाती घेतला तर माझ्या वरच्या विधानांतली काही बळकट होतील, काही दुरुस्त करावी लागतील, आणि त्या दोन्हींची मी वाट पाहतो आहे.